उच्छ्वासाचा धडा

आधीच सांगतो, मी देवभोळा माणूस नव्हतो. मांडवगण फराट्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचो, आणि शास्त्राचा मास्तर म्हटलं की थोडी मिजास असतेच. श्वसनाचा धडा शिकवण्यात तर माझा हात कुणी धरत नसे. काचेची बिनबुडाची हंडी, आत दोन फुगे, खाली रबराचा पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगायचे आणि पोरं टाळ्या पिटायची. बरगड्या कशा वर उचलल्या जातात, छातीखालचा पडदा कसा खाली सरकतो, हवा श्वासनलिकेतून द्राक्षांच्या घोसासारख्या वायुकोशांपर्यंत कशी पोचते, यातच सगळा फळा भरून जायचा. घंटा होता होता शेवटची ओळ सांगायचो, "उच्छ्वास आपोआप होतो," आणि डस्टर फिरवायचो. इतकं सगळं शिकवणारा हा मास्तर स्वतः मात्र दमेकरी होता, अंथरुणात बसूनच झोप काढायचा.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात दम्याने फारच उचल खाल्ली. दौंडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मुलगी तीन वर्षांची होती. तिला नुसतं कडेवर घेतलं तरी धाप लागायची. हिला मोठी झालेली आपण बघणार नाही, असं मनाने घेतलंच होतं. तेवढ्यात बायकोने परस्पर सिद्धटेकच्या गणपतीला नवस बोलून टाकला, की हे प्रदक्षिणा घालतील. तिथे प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा, चांगला दीड कोसाचा. ज्याला विहिरीपर्यंत चालवत नाही त्याच्या नावाने असला नवस! मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "बोलून बसली हाय मी. पाय तुमचं, बाकीचं त्यो बघंल."

मुलीला आजोळी ठेवून आम्ही दोघं निघालो. दौंडहून टांग्याने शिरापूर गाठलं, नावेतून भीमा ओलांडली आणि चालायला लागलो. टेकडीच्या मागच्या अंगाला, बाभळीच्या रानात, धुरळा उडवत गुरं गेली आणि माझी छाती आवळली. मी मटकन दगडावर बसलो. हवा ओढत होतो, ओढतच होतो, आणि जितकी ओढावी तितकी कमीच पडत होती. बायको पाठ चोळत होती. मरणाची भीती वाटली, आणि हिला या रानात एकटी टाकून जाणार याची त्याहून जास्त.

तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. काखेत कापडात गुंडाळलेली सनई होती. देवळात आरतीला मुख्य सनईवाल्याच्या मागे एकच स्वर न तोडता धरून राहायचं, एवढंच त्याचं काम, हे मागाहून कळलं. तो समोर उकिडवा बसला आणि माझ्या छातीकडे बघत राहिला.

"मास्तर हायेत वो," बायको रडवेली होऊन म्हणाली.

"मास्तर, आत लई भरलंय. आदी भाईर सोडा."

हवाच नाही, असं मी हाताने खुणावलं.

"हाय की! भरल्या घागरीत आनखी वतताय तुम्ही. बशीतला च्या फुंकता न्हाई का? तसं व्हट करा आन् माझ्या सुरासंगं सोडा. हळू."

त्याने सनई ओठाला लावून एक मऊ, लांब सूर धरला. माझा श्वास अर्ध्यातच तुटला. "परत," तो म्हणाला. परत तुटला. असं किती वेळ चाललं कोण जाणे, पण एकदा मी सोडत गेलो, सोडत गेलो, आणि छातीत चक्क जागा झाली.

तेव्हा लख्ख उमगलं. दम्यात नळ्या आवळतात, आत गेलेली हवा अडकून बसते, फुप्फुसं आधीच भरलेली असतात. हे मला पुस्तकातून पाठ होतं! आणि मी मात्र जन्मभर नुसता आत ओढत आलो होतो. मला हसूच फुटलं. मला हसताना बघून बायको रडता रडता हसायला लागली.

"हे कुणी शिकवलं, आबा?"

"बापानं. सूर धरनाऱ्याला पयलं सोडायला शिकवत्यात. घ्यायचं काय, त्ये मागनं येतंच."

"रोज याच वाटेनं येता?"

"न्हाई, नदीकडनं. आज हिकडनं आलो जनू."

उरलेला वळसा आम्ही तीनदा बसत, गप्पा मारत पुरा केला. आरतीला म्हातारा कोपऱ्यात गाल फुगवून उभा होता. मला बघून त्याने भुवई उडवली. त्याचे, आणि त्याला त्या दिवशी त्या वाटेने धाडणाऱ्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

दमा गेला नाही. गोळ्याही सुटल्या नाहीत. पण भीती मात्र गेली, आणि लेक कडेवर बसून खुशाल मिरवायला लागली. घशातून आवाज फुटतो तो बाहेर जाणाऱ्या श्वासावर. घट्ट धरून ठेवलेल्या श्वासावर देवाचं नावसुद्धा घेता येत नाही. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर काहीतरी मागायचं म्हणून मी हात जोडले, आणि मागायचं राहूनच गेलं. छाती पार रिकामी होईपर्यंत "मोरया" म्हटलं आणि थांबलो. पुढचा श्वास मी घेतला नाही. तो आला.