वर आलेल्यांसाठी बॅगपाइप

घर सोडलं त्या दिवशी मी भलत्याच माणसाच्या पाया पडलो. बाबांना रजा मिळाली नव्हती, म्हणून स्टेशनला निघालेली जीप वाटेत कोळशाच्या खाणीच्या गेटपाशी थांबवली. पाळी नुकतीच सुटली होती. नखशिखान्त काळी झालेली माणसं घोळक्याने बाहेर येत होती आणि सगळी एकसारखी दिसत होती. चालण्याच्या ढबीवरून अंदाज बांधून मी वाकलो. त्या गृहस्थांनी डोक्यावर हात ठेवून सावकाश आशीर्वाद दिला आणि मग म्हणाले, "बापू, तुहा बाप मांगं हाय."

मागे बाबा हसत उभे होते. माझ्या नव्या शर्टाला काळं लागेल म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. "जाय. पोहोचला का फोन कर," एवढंच म्हणाले.

आता मी कुवेतला तेलाच्या कंपनीत पंपांची देखभाल बघतो. म्हणजे आम्ही बापलेक जमिनीखालच्या मालावरच जगलो. ते तो आणायला खाली उतरायचे, मी एसीत बसून तो वर यायची वाट बघतो. मंगफ भागात फ्लॅट आहे, खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कढीपत्तासुद्धा मिळतो, लेक मराठी प्रश्नाला इंग्रजीत का होईना पण उत्तर देते. तक्रार अशी काही नाही.

फक्त फोनचं तेवढं राहून गेलं. सुरुवातीला फोनवर बाबा ओरडायचे, कारण कुवेत लांब. पुढे मी ओरडू लागलो, कारण ड्रिलने आणि सुरुंगांनी त्यांचे कान नेले होते. मी पाठवलेलं कानाचं मशीन कपाटात आहे. त्यात नुसता पंखाच ऐकू येतो म्हणतात. आता व्हिडिओवर मी गुडघ्याचं विचारतो, आई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडते, आणि ते माझ्याकडे निरखून बघत सांगतात, "जाडा झाला." त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येतो. माझा त्यांच्यापर्यंत जाऊन कैक वर्षं झाली. जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे मागे राहिलेत त्यांना कसं सांगावं ते मला कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात बंडूचा फोन आला. बंडू माझा शाळेतला दोस्त, त्याचेही वडील त्याच खाणीतले. खाण केव्हाच बंद पडलीय, आत बाभळी माजल्यात. गावातल्या पोरांनी जुन्या गेटपाशी दगडाचं स्मारक उभारलं होतं, त्या खाणीत राबलेल्या सगळ्यांसाठी. अनावरणाला बॅगपाइप वाजवायला फौजेतून निवृत्त झालेले चौघे येणार होते. एरवी ते लग्नं वाजवतात. धून मी ठरवायची. का, तर वाद्य फॉरेनचं आणि मीही फॉरेनचा.

मी म्हटलं, अरे, मी बॅगपाइप ऐकला तो एकदाच, खैरानला एका कुवेती सहकाऱ्याच्या पुतण्याच्या लग्नात. बकरीच्या कातड्याचा होता, त्याला इथे हबान म्हणतात आणि लोक त्यावर नाचतात.

"म्हणजे आयकला तं हाय," बंडू म्हणाला. पुढे म्हणाला, "भाषणं ठेवून काही फायदा नाही बे. समोर बसणारे समदे बहिरे. पण हे वाजलं का छातीत आयकू येते."

हे ऐकल्यावर मात्र मी हसणं बंद केलं. म्हणजे बाबांना ऐकू जाईल असं काहीतरी मी पाठवू शकणार होतो.

मग मी शास्त्रशुद्ध कामाला लागलो. आठवडाभर घरात शोकधुना वाजत होत्या. लेकीने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. बायकोने विचारलं की आपण घरात सुतक पाळतोय का. शेवटी त्यातली सगळ्यात संथ, सगळ्यात रडकी धून मी बंडूला धाडली आणि स्वतःवर खूश झालो.

तालमीला म्हातारे हौसेने जाऊन बसले. धून सुरू झाली आणि बाबा भर मैदानात आईला विचारते झाले, "कोण मेलं?" ऐकू गेलं होतं, यात शंका नव्हती. संध्याकाळी आईने फोन लावून त्यांच्या हातात दिला. कधी नव्हे ते स्वतःहून बोलले. "जे खाली राह्यले त्याइच्यासाठी बराबर हाय हे. पण आमी जे वर आलो, आमच्यासाठी काय?"



दोन दिवस तेच डोक्यात. वर आल्यावर हे लोक काय करायचे? बाबा घरी येऊन आधी अंगणातल्या नळाखाली धोंड्यावर बसायचे. पाठ चोळायला मी. पाणी आधी काळं जायचं, मग करडं, मग त्यातून माझे बाबा निघायचे. आणि तेवढा वेळ ते एक चाल गुणगुणत असायचे. कुठल्याशा भजनाची असावी. तोंडावर साबण असल्यामुळे शब्द कधी आलेच नाहीत, म्हणून मलाही ते ठाऊक नाहीत.

ती चाल रेकॉर्ड करायला मी ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाडीत बसलो. घरी लाज वाटली. आवाजात आवाज मिसळू नये म्हणून एसी बंद केला आणि घामाने निथळत, बेसूर, तीनदा गायलो. बंडूने ऐकून फक्त, "ठीक हाय, वाजवणाऱ्याइले सूर लावता येते," असं कळवलं.

अनावरण आम्ही फोनवर पाहिलं. शोकधून वाजली तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते. मग ती दुसरी, नळाखालची. बाबांनी मान वर केली. आधी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांचा उजवा हात सावकाश मानेमागे गेला आणि पाठीवरून त्या जागेकडे सरकायला लागला, जिथे त्यांचा स्वतःचा हात कधी पोचायचा नाही. शेजारचे दोघे हसले. बाबाही हसले. फोन धरलेली आई दोन पावलं त्यांच्या जवळ सरकली.

मी बायकोकडे बघितलं नाही. तिने तेवढ्यात चहाचे कप उचलले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि थांबली.

"हे तर तुमचं आंघोळीतलं आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी गुणगुणता. आणि मी रोज उशीर होतो म्हणून दार वाजवते."

मला पत्ताच नव्हता.

"उद्यापासून नाही वाजवत," ती म्हणाली.