पाकटाचं ताट

माल्सिमच्या हाताला मासळीचा वास येतो, हे कोरियातल्या मोक्पो बंदराच्या त्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. धक्क्यावर तीस वर्षं मासे चिरणाऱ्या बाईच्या हाताला दुसरा कसला वास येणार? दर रविवारी उपासनेनंतर दोनशे माणसांची भांडी घासायला मात्र तेच हात चालत.

वसंतात मंडळीचे पाळक घरोघर प्रार्थनेला जात. चढणीवरच्या माल्सिमच्या घरी यायला दर वर्षी नेमका वेळ पुरत नसे. यंदा सासूनं हट्टच धरला. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांपुढे नुसता अंधूक उजेड. "मरायच्या आधी पाळकाला माझ्या हातचं जेवू घालायचंय," एवढंच तिचं मागणं. तिनं चाचपडत मडक्यात पेंढ्याच्या थरांत पाकट मासा घातला, पंधरा दिवस आंबवला. त्या किनाऱ्यावर लग्नात पाकट नसेल, तर पाहुण्यांना जेवू घातलं असं कुणी म्हणत नाही. त्याचा वास नाकात झोंबतो. तीच त्याची चव.

पाळकांच्या आधी मंडळीतल्या प्यो बाई आत शिरल्या. भेटींची यादी त्यांच्याकडे असे.

"अगं बाई! आधी खिडक्या उघड. मुतारीत आल्यासारखं वाटतंय."

"आईंनी केलंय, बाई. साहेबांसाठी."

"साहेब सोलचे आहेत, राजधानीतले. फळं ठेव म्हणाले होते ना मी? तरी बरं, मीच घेऊन आले." त्यांनी स्ट्रॉबेरीचा खोका मेजावर मांडला आणि खाली मांडलेलं पाकटाचं ताट पायानं कपाटामागे सरकवलं. पायानं! पाळक सोबतच्या माणसांसह दारात बूट काढत होते.

गाणं झालं, बायबलचं वचन झालं. पाळक नाकापाशी रुमाल धरूनच बोलले, अब्राहामाबद्दल. त्यानं वाटसरूंचे पाय धुवायला पाणी आणवलं, घरातलं होतं ते पुढे ठेवलं आणि नकळत देवदूतांना जेवू घातलं. "आमेन," प्यो बाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या.

"साहेब जेवले का गं?" म्हातारीनं विचारलं.

"जेवलो की, आजी." पाळकांच्या तोंडात स्ट्रॉबेरी होती. "पाकट फारच छान झालंय."

म्हातारीचा चेहरा उजळला. माल्सिम उठली. कपाटामागचं ताट काढून तिनं सासूपुढे ठेवलं.

"मग अजून एक घास द्या, आई. साहेबांना आवडलंय."

म्हातारीनं बोटांनी फोड उचलली, किमचीच्या, आंबवलेल्या कोबीच्या, पानात गुंडाळली आणि हात पुढे केला. पाळकांनी मान फिरवली.

"अहो, पुढच्या घरी उशीर होतोय," प्यो बाई घाईनं म्हणाल्या. हात हवेतच राहिला. बूट घालायची गडबड झाली. दाराबाहेर कुणीतरी खुदकन हसलं. "कोटाला अत्तर फवारा आधी!"

माल्सिम पुढे सरकली आणि तिनं तो घास तोंडात घेतला.

म्हातारीची बोटं तिच्या हनुवटीवरून फिरली, थांबली.

"तू आहेस होय," ती म्हणाली. तिनं दुसरा घास बांधायला घेतला. "नीट बस. जेव."

पुढच्या रविवारी मंडळीच्या मोरीत दोनशे खरकट्या वाट्या संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या.