ज्या खोलीत शेगडी, त्या खोलीत शाळा

सुदुंबरं सोडलं त्या सकाळी मी बैलगाडीत मागं तोंड करून बसले होते. गाव दिसेल तेवढा वेळ दिसू दे, एवढाच हेतू. गाडीत एक ट्रंक, दोन गोधड्या, जातं आणि माझी दोन पोरं. हलीमा पाच वर्षांची, बाबू अजून अंगावर पिणारा. मुलांचे वडील पुढं गाडीवानाशेजारी बसले होते. त्यांना लोणावळ्याजवळ तुंगार्लीला एका पारशी शेटजींच्या बंगल्यावर राखणदाराची नोकरी लागली होती. आई दारातूनच म्हणाली, "लय लांब न्हाई गं, आगगाडीनं तर हे हितं." आबा, म्हणजे माझे वडील, गाडीबरोबर नदीपर्यंत चालत आले. आबा गावचे मुलाणी. जत्रेतलं बकरं त्यांच्या हातूनच हलाल व्हायचं, त्यामुळं सगळ्या गावाला ते आबाच. नदीशी थांबून त्यांनी गाडीच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरास्नी अडाणी ठिवू नगंस. तुला ठिवली, तेवढं बास झालं." आबांनी जन्मात माझी माफी मागितली ती एवढीच, आणि तीही चाकाकडं बघत.

बहिणींनो, तुम्ही गावातच राहिलात, आणि मामाच्या मुलींनो, तुम्ही पुण्या-मुंबईला गेलात. तुम्हा सगळ्यांना वाटतं की मी काही कुठं गेले नाही. एकाच तालुक्यात तर आहे, मग कसलं आलंय परमुलखात जाणं? तुम्ही एकदा श्रावणात तुंगार्लीला येऊन राहा आणि मग बोला. आपल्याकडं बाजरी, धूळ आणि लांबवर दिसणारं आभाळ. इथं चार महिने आभाळच दिसत नाही, कारण आपण त्याच्या पोटात राहत असतो. धुकं खिडकीतून आत येतं, खोलीभर हिंडतं आणि दुसऱ्या खिडकीतून निघून जातं. विहिरीवर गेलेला माणूस दहा पावलांवर पुसला जातो आणि नुसती घागर वाजते. पहिल्या वर्षी मी घाबरायची. दुसऱ्या वर्षापासून मला ते आवडायला लागलं, अगदी खरं सांगते. त्या धुक्यात जागेपणीच झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

शेटजी यायचे ते उन्हाळ्यात. पावसाळाभर बंगला बंद, आणि आमचं काम म्हणजे त्याला बुरशी लागू न देणं. बाहेरून पावसाच्या अंगाला गवताचे झाप बांधायचे आणि आत रोज एका खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवायची. आज दिवाणखाना, उद्या जेवणघर, परवा पुस्तकांची खोली, असं करत बंगला फिरून पुन्हा पहिल्या खोलीशी यायचं. शेगडीजवळ कुणीतरी बसून राहावं लागायचं, नाहीतर ठिणगी उडून गालिचा जायचा. तिथं बसायची मी, आणि माझ्याबरोबर पोरं.

लोणावळ्याच्या शाळेची वाट तासाभराच्या उतरणीची. मध्ये रान आणि ओढा, आणि पावसात ओढ्याला उतार नाही. हलीमा सहा वर्षांची झाली, सात वर्षांची झाली, आणि शाळा खालीच राहिली. तेव्हा ठरलं की घरीच शिकवायचं. पण शिकवायचं काय? यावर जेवढी डोकी तेवढी मतं निघाली.

मुलांचे थोरले काका, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, यांचं लोणावळ्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. त्यांनी उर्दूचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, आणून दिलं. "आपल्या मान्सांत ऱ्हायचं तर हे आलं पायजे," म्हणाले. शेटाणीबाई उन्हाळ्यात जाताना रंगीत चित्रांचं इंग्रजी पुस्तक ठेवून गेल्या. इंग्रजी आलं की पोरगी मोठ्या घरात आया म्हणून लागेल, असं त्यांचं म्हणणं. मुलांचे वडील दुसरीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "खालची शाळा मराठी हाय, मराठीच शिकव." तिन्ही पुस्तकं मी शेगडीसमोर मांडली आणि बघत बसले. मला त्यांतलं एकही वाचता येत नव्हतं.

शेजारची माळीण म्हणाली, थोडं थोडं सगळंच शिकव की. पण एक ना धड भाराभर चिंध्या, हे मला करायचं नव्हतं. कलमा आणि कुराणातले दोन सुरे मुलांना तोंडपाठ होते, त्याला पुस्तक लागत नव्हतं. बाकी मी एवढंच बघितलं की पोरगी झोपेत बडबडते ती कशात. मी चिडते कशात, बाबूला पाळणा म्हणते कशात. मग मराठीचं पहिलं पुस्तक ठेवलं आणि बाकीची दोन रुमालात बांधून उतरंडीवर ठेवून दिली.

भाऊंना राग आला. पुढच्या फेरीला ते एक स्थळ घेऊन आले. जाऊबाईंच्या बहिणीचा मुलगा, घरचं बरं होतं. हलीमा तेव्हा आठ वर्षांची. मी पायऱ्यांवर बसून रडले आणि त्यांच्या तोंडावर नाही म्हटलं. शेवटी भाऊंनीच मधला मार्ग काढला. "दिवाळीनंतर शाळंत घालू. दुसरीत घेत्याल तर शिकू दे तिला, म्या आडवा येनार न्हाई. पर बिगरीत, पहिलीच्याबी खाली बशिवली, तर नऊ वर्षांची घोडी लहान पोरांत शोभायची न्हाई. मंग सोयरीक करायची." मुलांच्या वडिलांनी होकाराची मान हलवली. माझ्या हातात एक पावसाळा होता.

त्या पावसाळ्यातली शाळा मला अजून डोळे मिटले की दिसते. खुर्च्या-टेबलांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, त्यांच्यामध्ये शेगडी लाल झालेली आणि पोरं पोटावर पडून अक्षरं काढताहेत. पाटी ओली राहायची, म्हणून मी फळीवर शेगडीतली राख पसरायची आणि त्यात बोटानं लिहायला लावायची. आपल्याकडं आबा धुळीत रेघोट्या मारायचे तसंच, फक्त इथं धूळ कुठून आणायची? अक्षरं मी हलीमाबरोबरच शिकले. सांजेला तिचे वडील आम्हा दोघींना दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी मी मास्तरीण. मी तिच्यापेक्षा एखाद्या अक्षरानंच पुढं असायची. सकाळी उठल्या उठल्या पोरं विचारायची, "आज कुठल्या खोलीत शाळा?" जेवणघरात वाचन चांगलं व्हायचं. पुस्तकांच्या खोलीत मात्र बाबूला हटकून झोप यायची.

पाढे शिकवायला मला कुणाची गरज नव्हती. गावात शाळा चावडीत भरायची आणि चावडीची मागची भिंत आमच्या अंगणाला लागून होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुली शाळेत जात नव्हत्या, पण भिंतीला टेकून दाणे निवडायला कुणाची ना नव्हती. रोज सांजेला पोरं परवचा म्हणायची आणि मी इकडून ओठ हलवायची. बेपासून तिसापर्यंत सगळं मी असं घेतलं होतं. तेच हलीमाला दिलं, जसंच्या तसं.

दिवाळीनंतर आम्ही खाली उतरलो. हेडमास्तर वयस्क, चष्मेवाले, वर्गावरच बसले होते. भाऊ दुकान बंद करून आले होते आणि दाराशी बाकावर बसले होते. मास्तरांनी वाचायला दिलं, तिनं वाचलं. मग म्हणाले, बाराचा पाढा म्हण. हलीमानं हाताची घडी घातली आणि खणखणीत सुरू केलं.

"बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस, बारा चोक अठ्ठेचाळीस, म्होरं सरक, बारा पंचे साठ, बारा सक बहात्तर, नाक पूस रे सोन्या, बारा साते चौऱ्याऐंशी..."

आणि इथं ती थांबली. ती का थांबली ते मला एकटीलाच ठाऊक होतं. आमच्या गावचे मास्तर या जागी उठून तंबाखू थुंकायला बाहेर जायचे. सबंध परवचा त्यांच्यासाठी थांबायचा. भाऊ बाकावरून उठले. त्यांना वाटलं, पोरगी अडकली. गावच्या मास्तरांना थुंकून परत येऊन बसायला लागायचा तेवढा वेळ गेला आणि हलीमा पुढं म्हणाली, "बारा आठे शहाण्णव."

वर्ग हसत सुटला. हेडमास्तरांनी हात वर करून गप्प केलं आणि विचारलं, "हा सोन्या कोण?"

"ठावं न्हाई," हलीमा म्हणाली. "पर त्याचं नाक लय गळतं."

ते शब्द गावचे मास्तर मध्येच पोरांना दटावायचे त्यातले, पाढ्यातले नाहीत, हे मला कळत नव्हतं, असं नाही. पण ते काढले की पाढा लंगडायचा आणि पुढचा आकडा मलाच आठवायचा नाही. म्हणून राहू दिले होते. धुक्यातल्या बंगल्यात कोण ऐकायला बसलंय? खाली उतरल्यावर कुणीतरी ऐकणार आहे, हे डोक्यातच आलं नाही. आता माझ्या त्या शहाणपणापायी पोरीची सोयरीक होणार होती.

मास्तर म्हणाले, "बरं, बारा-बारा आंब्यांच्या सहा पाट्या आणि वर बारा आंबे. किती झाले?" हलीमानं डोळे मिटले. ओठ हलले. मध्येच तिनं स्वतःचं नाक बाहीला पुसलं आणि म्हणाली, "चौऱ्याऐंशी." मास्तर खुर्चीत मागं टेकले आणि हसायला लागले. हसता हसताच त्यांनी तिचं नाव दुसरीच्या हजेरीत घातलं.

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला पायातच होत्या. मग म्हणाले, "शबूद दिलाय. पर रोज त्या रानातनं एकली पोरगी कशी यील? ती आमच्यात ऱ्हाईल. तिची काकी करंल सगळं." हे मी धरलंच नव्हतं. दुसरीत घेतील की नाही, याच्याच काळजीत मी पावसाळा काढला होता. घेतल्यावर ती माझ्याजवळ राहणार नाही, हे साधं गणित मला सुटलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही तिघंच वर आलो.

आता हलीमा पुण्यात मास्तरीण व्हायला शिकते आहे. बाबूही तिच्यामागून खाली गेला. मी अजून शेगडी पेटवते, खोली बदलते, आणि शेगडीजवळ बसून हे लिहिते. कुणी गावाकडचं भेटलं की विचारतं, तुझं घर आता कुठलं गं? सुदुंबरं की तुंगार्ली? मी काहीबाही सांगते. खरं उत्तर मला हलीमा काकीकडं राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या ईदला कळलं होतं.

चार दिवस राहून ती परत निघायची होती. दप्तर भरता भरता सहज म्हणाली, "आई, उद्या घरी गेल्यावर काकीला सांगीन, तुझी खीर लय ग्वाड झालती."

घरी, म्हणाली. मी तिला चूक दाखवणार होते. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात मला चुलीपुढं बसलेली माझी आई दिसली. तुंगार्लीहून मी पहिल्यांदा माहेरी गेले होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले होते, "उद्या घरी जाते गं, तितं शेगडीला कुनी न्हाई." आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा थापायला लागली, आणि तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी कधी करपत नसे. मी तिला हसले होते.

हलीमानं वर बघितलं. "काय झालं, आई?"

"काई न्हाई," मी म्हटलं. "सांग काकीला. आनि घरी जाताना खीर घेऊन जा."