आमच्या बागेतली संत्री

मनोहर पिंपळापुरे यांची नागपूरला बाग होती. संत्र्यांची बारा झाडं, एक विहीर आणि विहिरीला लागून दोन खणांचं घर. ही बाग त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती, कारण ती नव्हतीच. पण कलकत्त्याला, बऊबाजारातल्या हरकुमार गल्लीत तिच्याविषयी कोणाला शंका नव्हती. गल्लीने त्या बागेची संत्री अठरा हिवाळे खाल्ली होती.

मनोहरराव बंगाल-नागपूर रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत कारकून. वाटेत हरवलेल्या आणि फुटलेल्या मालाचे दावे तपासणं हे त्यांचं काम. लोकांनी कागदावर वाढवून लिहिलेला माल खाली आणण्यात त्यांची हयात गेली. वीस साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी ते सुहासिनीदेवींच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत बिऱ्हाड करून राहिले आणि बत्तीस वर्षं तिथेच राहिले. मुलगी लीना त्यातल्याच पुढच्या खोलीत जन्मली, तिथूनच लग्न होऊन टाटानगरला गेली आणि तिथून बंगाली वळणाच्या मराठीत पत्रं पाठवू लागली.

गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातल्या मिरचीच्या फोडणीने यांच्या घरात शिंका याव्यात. सकाळी म्युनिसिपालिटीचा माणूस नळी लावून गंगेच्या पाण्याने रस्ता धुई. अर्ध्या तासात गल्ली पुन्हा पूर्ववत होई. ऊन पाऊण तास येई आणि पाहुण्यासारखं उभ्या उभ्या जाई. संध्याकाळी सगळ्या घरांतल्या कोळशाच्या चुली एकदम पेटत, मग समोरचा माणूस दिसत नसे, फक्त त्याचं मत ऐकू येई. कोणाच्या घरी आज कोणता मासा आहे, हे वासावरून सगळ्यांना कळे. आणि माशावरून त्या घरची बरकत, आजारपण, रुसवेफुगवे सगळंच कळे. पिंपळापुऱ्यांकडे मासा शिजत नसे. त्यामुळे त्यांच्याविषयी गल्लीला वासावरून काही कळायला मार्ग नव्हता. मग विचारावं लागे.

विचारण्याची जागा म्हणजे सुहासिनीदेवींच्या दारालगतचा दगडी ओटा. तिथे रोज संध्याकाळी पाचसहाजण बसत. त्यांत मुख्य श्यामसुंदर दत्त, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. या ओट्यावर बसायचं तर माणसाला देश असावा लागे. देश म्हणजे हिंदुस्थान नव्हे. देश म्हणजे आपलं मूळ गाव, तिथलं तळं, तिथले आंबे. श्यामसुंदरबाबूंचा देश बर्दवान जिल्ह्यात होता. आई वारल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते, पण तळ्यातल्या रोहू माशाचं वजन दरवर्षी वाढत होतं. इतरांचंही असंच. देश जाण्यासाठी नसे, सांगण्यासाठी असे.

मनोहररावांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. सीताबर्डीला थोरल्या भावाचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. भाऊ अडतीस साली गेला, वहिनी माहेरी गेली, संपलं. हे ओट्यावर सांगितलं असतं तर लोक वाईट वागले नसते, उलट हळहळले असते. ती हळहळ मनोहररावांना नको होती.

बाग मात्र त्याच्याही आधीची. तेहतीसच्या डिसेंबरात नागपूरच्या पार्सल ऑफिसातल्या एका जुन्या मित्राने त्यांना संत्र्यांची टोपली पाठवली. एवढी दोघातिघांत संपेना, म्हणून ते टोपली घेऊन ओट्यावर आले आणि वाटू लागले. श्यामसुंदरबाबूंनी फळ हातात घेतलं, वजन पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, “तुमच्या बागेतली?”

मनोहररावांच्या तोंडात फोड होती. त्यांनी मान हलवली.

पुढच्या हिवाळ्यात गल्लीनेच चौकशी केली, की यंदा बहर कसा आहे. तेव्हा मित्राला पत्र लिहिणं आलं. छत्तीस साली झाडं किती असा प्रश्न निघाला आणि ती बारा ठरली. एके वर्षी नागपूरकडे दुष्काळ पडल्याचं श्यामसुंदरबाबूंनी वर्तमानपत्रात वाचलं आणि झाडांच्या काळजीने विचारपूस केली. त्या काळजीखातर विहीर खणावी लागली. विहिरीवर माणूस हवा, म्हणून घर आलं. कचेरीत इतरांचे फुगवलेले दावे लाल पेन्सिलीने कापणाऱ्या माणसाने हा एक दावा वर्षागणिक वाढू दिला.

आणि बाग आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला: कायमचे देशी केव्हा जाणार? तो दरवर्षी दुर्गापूजेच्या सुट्टीआधी विचारला जाई, तब्येत कशी आहे विचारावं तसा. मनोहररावही बरी आहे म्हणावं तसं सांगत, “पुढच्या वर्षी.” दोन्ही बाजूंना त्यात काही अर्थ नव्हता.

पन्नास साली त्याला अर्थ आला. सुहासिनीदेवी, ज्यांना सगळी गल्ली मासीमा म्हणे, त्यांची धाकटी बहीण पूर्व पाकिस्तानातल्या बारिसालहून सात माणसांनिशी निघून आली. येताना त्यांनी एक शिवणयंत्र आणि देव एवढंच आणलं होतं. वरच्या दोन खोल्यांत, व्हरांड्यात आणि जिन्याच्या वळणावर सातजण निजू लागले. पावसाळ्यात एका दुपारी मासीमा कठडा धरत जिना उतरून आल्या. सत्तरीच्या त्या बाईने मनोहररावांना कधी भाडेकरू म्हटलं नव्हतं. लीनाच्या प्रत्येक वाढदिवसाला खिरीची वाटी वरून खाली आली होती. मनोहररावांच्या पत्नी शकुनबाईंनी पुढे केलेल्या पाटावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, “बाबा मनोहर, तुझा देश जागेवर आहे. यांचा गेला.”

याला उत्तर एकच होतं, आणि ते सतरा वर्षांपूर्वी, तोंडातली फोड गिळल्यावर लगेच द्यायला हवं होतं. मनोहरराव म्हणाले, “पाहतो.”

मासीमा वर गेल्यावर शकुनबाई इतकंच म्हणाल्या, की आत्ता वर जा आणि खरं सांगून या, म्हातारी समजून घेईल. मनोहरराव तीन पायऱ्या चढलेही. चौथ्या पायरीवर बहिणीचा थोरला नातू पालथा निजला होता. त्याला ओलांडावं लागलं असतं. ते परत आले, आणि त्या डिसेंबरातही टोपली आली, वाटली गेली, चवीची तारीफ झाली.

पुढच्या साली मनोहरराव निवृत्त झाले. आपल्या पुतण्याच्या सांगण्यावरून मासीमांनी खोल्या रिकाम्या करून मागण्यासाठी दावा लावला. वकिलाने मनोहररावांना समजावलं, की कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, कोर्ट अडचण कोणाची मोठी ते पाहील; तुम्हाला जायला दुसरी जागा नाही एवढं शपथेवर सांगा. मनोहररावांनी विचारलं, की त्याला कागद लागेल का. वकील म्हणाला, नसलेल्या बागेचा कागद कुठून आणणार? नागपूरच्या मित्राने साक्ष दिली असती, पण तो त्याच पावसाळ्यात वारला. त्यामुळे एकावन्नच्या डिसेंबरात टोपली आली नाही. गल्लीने याचा अर्थ स्वतःच्या अकलेने लावला: दावा चालू आहे, म्हणून बाग लपवताहेत.

जानेवारीत सुनावणी झाली. खोल्या जातील या भीतीपेक्षा मनोहररावांना आदल्या आठवडाभर एकच दिसत होतं: मागच्या बाकावर ओटा बसलेला असेल आणि त्याच्यासमोर हे बोलावं लागेल. बाक खरोखरच भरलेलं होतं. मनोहररावांनी शपथ घेतली आणि सांगितलं, की नागपूरला आपलं घर नाही, विहीर नाही, एकही झाड नाही. संत्री मित्र पाठवत होता. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य त्यांनी स्वच्छ उच्चारलं आणि मागे पाहिलं. तिथे कोणी हळहळलं नव्हतं. सगळ्यांचे चेहरे दुखावलेले होते.

मग मासीमांच्या बाजूने श्यामसुंदरबाबू उभे राहिले. त्यांनी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. प्रतिवादी आपला एकोणीस वर्षांचा स्नेही असल्याचं सांगितलं, बागेतली झाडं सांगितली, विहीर सांगितली.

“देशी जाण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला होता?” मासीमांच्या वकिलाने विचारलं.

“हो. पुढच्या वर्षी जाणार म्हणाले होते.”

“केव्हा म्हणाले होते?”

“दरवर्षी.”

कोर्टात हशा पिकला. श्यामसुंदरबाबूंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. ते मनोहररावांकडे पाहत शांतपणे म्हणाले, “साहेब, बाग नाही असं कसं म्हणता येईल? संत्री आम्ही खाल्ली आहेत.”

निकालपत्र इंग्रजीत होतं आणि सुरेख होतं. त्यात म्हटलं होतं, की अडचणीत नसताना वर्षानुवर्षं आपखुशीने सांगितलेली गोष्ट ही अडचणीत सापडल्यावर सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अधिक विश्वासार्ह. आणि देशी परतण्याचा प्रतिवादीचा हेतू दीर्घकाळ व सातत्याने व्यक्त झालेला दिसतो. अशाच तर्काने मनोहररावांनी स्वतः शेकडो दावे फेटाळले होते. चूक काढायला त्यांना जागा दिसली नाही. वकील अपिलाचं म्हणाला, तर त्यांनी नको म्हटलं. पाच महिन्यांची मुदत मिळाली.

त्या पाच महिन्यांत गल्ली त्यांच्याशी वाईट वागली नाही. ओट्यावरची जागा रोज रिकामी ठेवली जाई. फक्त देश हा विषय कोणी काढत नसे. बारिसालची बहीण एकदा शकुनबाईंना नळावर म्हणाली, की आमची माती लोकांनी हिरावून घेतली तर रात्रंदिवस डोळ्याला पाणी आहे. तुमच्या यजमानांनी आपली माती आपल्या तोंडाने नाही म्हणून सांगितली, हे कसं जमलं? शकुनबाईंनी बादली उचलली. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आता पुन्हा कोणाला खरं सांगायला जाऊ नका. एकदा सांगितलंत तेवढं पुरे झालं.”

मनोहररावांनी कलकत्त्यातच दक्षिणेला, खिदिरपूरच्या गोदीमागे, एक खोली पाहून ठेवली. गल्लीला ते बोलले नाहीत. गल्लीनेही विचारलं नाही. कुठे जाणार हे कोर्टानेच ठरवून दिलं होतं.

आषाढात एका सकाळी ठेला दारात लागला. रस्ता नुकताच धुतला होता. दोन ट्रंका, पाट, तांब्याचा बंब आणि लीनाचा पाळणा एवढं सामान त्यावर चढलं. मासीमांनी वरून प्रवासासाठी संदेश मिठाईची हंडी पाठवली. नागपूरपर्यंत पुरेल एवढी मोठी होती. बहिणीच्या नातवंडांनी ठेला हलायच्या आतच पुढची खोली झाडायला घेतली. श्यामसुंदरबाबू ओट्यावरून उतरून आले. त्यांनी मनोहररावांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

“झालं गेलं विसरा,” ते म्हणाले. “हिवाळ्यात संत्री पाठवाल ना?”

मनोहररावांनी मान हलवली. या वेळी तोंडात फोड नव्हती.

ठेला गल्लीतून निघाला आणि हावडा स्टेशनच्या दिशेने, ट्रामच्या रुळांच्या कडेने पश्चिमेकडे चालू लागला. लालबाजारच्या चौकात ठेलेवाला थांबला आणि त्याने विचारलं, सरळ पुलावर ना?

मनोहररावांनी आधी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर गल्लीतलं कोणी दिसत नव्हतं.

“डावीकडे घे,” ते म्हणाले.