गुन्हेगार सोमी आणि तिचा सज्जन दीर

तलासरीच्या पुढे, जिथे मोबाइल आपल्या मनानेच ठरवतो की माणूस महाराष्ट्रात आहे की गुजरातमध्ये, तिथे खडकीपाडा आहे. या पाड्यातली सर्वात मोठी गुन्हेगार म्हणजे सोमी हाडळ. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटकुळी, तोंडाने दणकट. तिचं आडनाव ऐकून हसणारा माणूस दुसऱ्यांदा हसत नाही.

गुन्हा एकच, पण तिने तो जन्मभर केला. सासरच्या जमिनीत तिने शेती केली.

ही जमीन हाडळांची कधीपासून, ते कोणालाच सांगता येत नाही, कारण त्याआधी ती कोणाचीच नव्हती. पुढे राणीच्या राज्यात गोरे साहेब घोड्यावरून आले. त्यांना आगगाडीच्या रुळांखाली घालायला साग हवा होता. त्यांनी टेकडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हे राखीव. म्हणजे रात्री वारली आपल्या शेतात झोपला आणि सकाळी सरकारच्या जंगलात उठला. जी सपाट जमीन साहेबाला नको होती ती सावकारांनी दारूच्या बाटलीवर आणि भाताच्या पायलीवर लिहून घेतली. सोमीचा सासरा सावकाराकडे वेठीला राबला. वेठ वारल्यांच्या उठावाने मोडली, सावकार ढिले पडले, इंग्रज बोटीत बसून गेला. जंगलाचा कायदा मात्र इथेच राहिला. नव्या सरकारने त्याच्यावरची धूळसुद्धा झटकली नाही, तसाच वापरायला घेतला.

सोमी लग्न करून आली तेव्हा तिचा नवरा सुक्या मच्छीमार बोटीवर खलाशी होता. पावसाळा सोडला तर तो समुद्रात, आणि पावसाळ्यात ताडीमाडीत. त्यामुळे शेत सोमीच्या अंगावर पडलं. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे पालाफांद्या पसरून जमीन जाळायची, तर झाडाच्या फांद्या तोडाव्या लागतात. फांदी तोडली की गुन्हा. नांगर घातला की दुसरा गुन्हा. झोपडीला कुडाची भिंत केली की तिसरा. दर सालाला गार्ड यायचा आणि तिला घेऊन जायचा.

पहिल्या खेपेला ती रडली. नंतर तिने रडणं सोडलं आणि भाकरी बांधून ठेवायला लागली. गार्ड दिसला की म्हणायची, "थांब, बकऱ्या सोडते, मग येते." डहाणूच्या कोर्टात न्यायाधीशांनी एकदा विचारलं, गुन्हा कबूल आहे का. सोमी म्हणाली, "कुठला? यंदाचा का गेल्या सालचा?" वारली माणूस देवालाही तू म्हणतो, म्हणून तिने पुढे विचारलं, "तू जेवलास का?" न्यायाधीश खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. त्या खेपेला शिक्षा थोडी झाली. पण पुढचे न्यायाधीश एवढे भले नव्हते, आणि एकदा तिने ठाण्याच्या तुरुंगातही दिवस काढले. तिथली डाळ अजून तिच्या तोंडात आहे. "पाण्यात पिवळा रंग," असं ती सांगते.

तिचा दीर तुक्या अगदी उलट. तुक्याची जमीन तिच्या बांधाला लागून, पीक तेच, राब तोच. पण तुक्या सज्जन माणूस. गार्ड येताना दिसला की तुक्या हसत सामोरा जायचा, खाटल्यावर बसवायचा, पाणी द्यायचा आणि निघताना पिशवीत कोंबडी घालायचा. गार्डला मग तुक्या दिसायचाच नाही. बांधाच्या अलीकडे सोमीचा नांगर जप्त व्हायचा, पलीकडे तुक्याचा नांगर चालू राहायचा.

"वहिनी, तुला जगायची अक्कल नाही," तुक्या म्हणायचा. "मी आजवर कोर्टाची पायरी चढलो नाही."

"तुझी कोंबडी चढली," सोमी म्हणायची.

अशी वर्षं गेली. सुक्या वारला. मग वनहक्काचा कायदा आला. आदिवासींच्या संघटनेची संगीता पाड्यात आली आणि वडाखाली सगळ्यांना बसवून तिने सांगितलं की सरकारने मान्य केलं आहे, आदिवासींवर अन्याय झाला होता. लोकांनी विचारलं, कधी? ती म्हणाली, इंग्रजांच्या काळापासून. एक म्हातारा म्हणाला, "लवकर कळलं."

कायद्यात असं होतं की दोन हजार पाच सालाच्या आधीपासून जो जमीन कसतो त्याला ती मिळेल. मात्र कसतो हे दाखवायला हवं. आता जंगलात चोरून शेती करणाऱ्याकडे पुरावा कुठून यायचा? संगीता म्हणाली, ज्यांच्यावर अतिक्रमणाचे गुन्हे झाले त्यांचं सोपं आहे. गुन्हा झाला म्हणजे तुम्ही तिथे होता, हे सरकारनेच लिहून दिलंय.

सगळ्या पाड्याने वळून सोमीकडे बघितलं. सोमीने तुक्याकडे बघितलं. तुक्या जमिनीकडे बघत होता.

सोमीचा दावा मंजूर झाला. अर्धी जमीन कापून, पण झाला. तुक्याचा डहाणूहून परत आला, पुरावा नाही म्हणून. जन्मभर कायद्याला घाबरून वागलेला माणूस कायद्याला माहीतच नव्हता. पाड्यातल्या पोरींनी त्याच्यावर तारप्याच्या नाचात एक ओळ जोडली. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

तुक्या वाळला. त्याची बायको चिमी त्याला जेवायला वाढताना भांडं आपटायची. म्हणायची, "एवढ्या कोंबड्या मी पोरांना घातल्या असत्या तर पोरं पैलवान झाली असती."

गेल्या वर्षी नाकारलेले दावे पुन्हा तपासायला घेतले, तेव्हा तुक्या डहाणूला प्रांतसाहेबांपुढे सुनावणीला गेला. सोबत पाड्यातले म्हातारे साक्षीला. साहेब म्हणाले, "हे सगळे तुमचे भाऊबंद. उद्या ते तुमच्यासाठी बोलणार, परवा तुम्ही त्यांच्यासाठी. बाहेरचा कोणी आहे?" मग त्यांनी उपग्रहाचा फोटो दाखवला. तुक्याच्या जमिनीवर हिरवा डाग होता. "हे बघा, झाडी."

"ते भात आहे," तुक्या म्हणाला. "भात हिरवंच असतं, साहेब."

साहेब हसले. फोटो नाही हसला. पुढच्या तारखेला बाहेरचा साक्षीदार आणा, म्हणाले.

त्या संध्याकाळी तुक्या सोमीच्या अंगणात येऊन बसला.  सोमी उडीद पाखडत होती.

"वहिनी, बाहेरचा माणूस एकच आहे, ज्याने मला तिथे बघितलं," तो म्हणाला.

"नारू."

"तो माझ्यासाठी कशाला बोलेल? तू चल. तुझ्यासमोर त्याची बोबडी वळते."

सोमी सूप हलवत राहिली. नारू हा तोच गार्ड, ज्याने तिला सर्वात जास्त वेळा उचललं. मूळचा वरोरचा, कोळीवाड्यातला. समुद्राच्या माणसाला सरकारने जंगल राखायला पाठवलं होतं. त्याला साग आणि ऐन यातला फरक कळायचा नाही, पण नागली, म्हणजे नाचणी, ओळखता यायची. एका साली त्याने सोमीची कापणीला आलेली नागली माणसं लावून उपटली होती. त्या साली सोमीने पोरांना जंगलातले कडूकंद उकडून घातले, ज्यांचं विष कधी कधी पुरतं उतरत नाही. धाकटी पोर त्यातून उठली नाही. हे सोमी कोणाला सांगत नाही. पाड्यात सगळ्यांना माहीत आहे.

"उद्या सकाळी," सोमी म्हणाली.

दोघं वाणगाव स्टेशनला उतरून रिक्षाने वरोरला गेले. नारूचं घर किनाऱ्याजवळ. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या सावलीत निवृत्त नारू बनियनवर बसून जाळं विणत होता. सोमीला बघून त्याच्या हातातली सुई थांबली.

"घाबरू नको," सोमी म्हणाली. "आज तुला उचलायला नाही आले."

नारूची बायको जमुना आतून पाणी घेऊन आली. तुक्याने आपलं काम सांगितलं. नारूने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मला काही आठवत नाही. वय झालं."

"माझ्यावर खटले घातलेस ते आठवतात?"

"ती नोकरी होती, सोमी."

"आणि बांधापलीकडे हा नांगर धरून उभा होता, ते?"

नारू बोंबलांकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "मी आता सांगितलं की हा शेती करत होता, तर साहेब विचारणार, मग तेव्हा पकडला का नाहीस? मी काय सांगू? पेन्शन चालू आहे माझी."

तुक्या लगेच उठायला लागला. सज्जन माणूस, दुसऱ्याची अडचण त्याला चटकन पटते. सोमीने त्याचा सदरा धरून खाली बसवलं.

"नारू, तू माझी नागली उपटलीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याचं मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आजही माझ्यासाठी मागत नाही."

 नारू जाळ्याची एक गाठ सोडवायला लागला. बोलली ती जमुना.

"मी येते," ती म्हणाली.

"तू कुठे?" नारू दचकला.

"साक्षीला. या माणसाच्या कोंबड्या कोणी सोलल्या? तू? दर खेपेला पिशवी माझ्या हातात देऊन अंघोळीला जायचास. मी विचारायचे, कोणाची? तू म्हणायचास, खडकीपाड्याच्या तुक्याची, नांगर धरलाय त्याने. राब भाजला की एक, पेरणी झाली की एक. मला त्याच्या शेतीचं पंचांग पाठ आहे. आणि नागलीचं मला आज कळतंय." तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. "घरात कधी बोलला नाहीस."

निघताना नारूने सुक्या बोंबलांचं एक गाठोडं सोमीपुढे ठेवलं. तिने ते उचललं. रिक्षात तुक्या म्हणाला, "म्हणजे माफ केलंस?"

"बोंबील घेतले," सोमी म्हणाली. "माफीचं तू कशाला बोलतोस?"

तारखेला जमुना ठेवणीतलं लुगडं नेसून आली, केसात अबोलीचा गजरा. मागे नारू, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. साहेबांनी आधी नारूला विचारलं. नारू म्हणाला, तुक्या तिथे असायचा, येता-जाता पाहुणचार करायचा.

"पाहुणचार म्हणजे?"

"कोंबडी," जमुना म्हणाली.

खोलीत बसलेले कारकून कागदांत तोंड घालून बसले. साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, कोंबडी दिली म्हणून माणूस शेतकरी होत नाही."

"साहेब, तुम्हाला उगाच कोण कोंबडी देतं का?"

साहेबांनी कागद पुढे ओढला. काही प्रश्नांना सरकारी नोकराने उत्तर देऊ नये, हे त्यांना कळत असावं. त्यांनी एवढंच लिहून घेतलं की त्या काळच्या वनरक्षकाने सदर इसमास जमीन कसताना पाहिले आहे. कोंबडी लिहिली नाही. नारूचा जीव भांड्यात पडला. तरी बसमध्ये चढेपर्यंत जमुना त्याच्याशी बोलली नाही.

पावसाच्या आधी तुक्याला पट्टा मिळाला. कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या नावाने. चिमीने आपलं नाव संगीताकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. जमीन मात्र मागितली त्याच्या निम्मी. वरचा उताराचा तुकडा, जिथे तुक्याची वरई व्हायची आणि जिथे हाडळांचे पूर्वज पुरलेले आहेत, तो कागदावर जंगलच राहिला. सोमीचाही वरचा तुकडा असाच गेला होता. मोजणीवाल्यांना चढ चढायचा कंटाळा आला असावा, असं पाड्याचं मत.

आभाळ भरून आलं तसा तुक्या बैल घेऊन सरळ वरच्या तुकड्यात गेला. आता नवा गार्ड आहे, शिकलेला पोरगा, मोटारसायकलवर येतो. तो येऊन म्हणाला, "आजोबा, हे तुमच्या पट्ट्यात नाही. खाली उतरा, मी काही बघितलं नाही."

"का नाही बघितलं?" तुक्याने विचारलं. "नीट बघ. तुक्या हाडळ. नांगर माझा. बैल माझे. लिहून घे."

"कशाला उगाच कटकट? जाऊ दे ना."

"जाऊ दे नाही. गुन्हा लिही. आज तू सोडशील, आणि तीस वर्षांनी माझी नातवंडं कोणाच्या अंगणात साक्षीदार शोधत बसणार?"

गार्ड बिचारा सोमीकडे बघायला लागला. सोमी तिच्या वरच्या तुकड्यात वरई टाकत होती. तिने हात न थांबवता सांगितलं, "त्याचं लिहून झालं की इकडे ये. माझं पण राहिलंय."

दोघांवर गुन्हा झाला. वरच्या तुकड्यांसाठी दोघांचं अपीलही लागलं आहे, जिल्ह्याला. डहाणूच्या कोर्टाची तारीख आली त्या दिवशी तुक्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. पायऱ्यांशी मात्र पाय अडखळले.

"वहिनी, आत गेल्यावर काय बोलायचं?"

"विचारतील ते खरं सांग," सोमी म्हणाली. "आणि बाकावर भिंतीकडेला बस. पंख्याखाली वकील बसतात, ते उठवतात."

ती पुढे झाली आणि तो तिच्या मागून चढला. वरच्या तुकड्यात तोवर वरई वीतभर आली होती.