वरची वीतभर कोरडी ताटी

तुमच्या मासिकातलं हे भुताखेतांच्या अनुभवांचं पान मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगते, हसते. पिंपळाखालच्या बायका, उलटे पाय, मागून हाका... चहासोबत बरं वाटतं. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, तेव्हा आईनं घरातले शेंदराचे दगड, ताईत, अंगाऱ्याची पुडी, सगळं एका फडक्यात बांधून नाग नदीत सोडलं. "आता आपल्याले देव नाही अन् भूतबी नाही," म्हणाली आणि मागं न बघता घरी आली. त्या घरची मी मुलगी. तरी हे लिहिते आहे. सांगायला घरात दुसरं कोणी नाही, हेही एक कारण समजा.

आधी आमची परिस्थिती सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वडील लवकर गेले. आम्ही तिघं भावंडं, मी मोठी. आई वर्षभर मिळेल ते काम करायची आणि उन्हाळ्याचे तीन महिने सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर ताटीला पाणी मारायची. कूलर यायच्या आधीची ही गोष्ट. बांबूच्या चौकटीत वाळा भरून दाराएवढी ताटी करत, ती दाराला टांगत आणि सतत ओली ठेवायला माणूस लावत. दुपारभर, मग रात्रभर. आत साहेबाचं कुटुंब गार हवेत झोपायचं, बाहेर आई डबा घेऊन उभी.

बाकीचे वरून पाणी ओतत. आई खालून वर मारायची. तीन फटके, मग थांबायचं. "वरून टाकलं का पानी धावत खाली जाते, वाळा कोरडाच राह्यते," हे तिचं शास्त्र. पण ती बुटकी. वरची वीतभर ताटी नेहमी कोरडी राहायची आणि बाईसाहेब रोज त्यावरून बोलायच्या. आई ऐकून घ्यायची.

मी तिथंच व्हरांड्याच्या दिव्याखाली अभ्यास करायचे, कारण आमच्या घरी रॉकेल पुरत नसे. मान पडली की आई ओला हात माझ्या मानेवर ठेवायची. "झोपू नोको वं पोरी. झोपाचे दिवस येतीन तुले."

मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या गल्लीत तोवर कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. शाळेत नोकरी लागली, दोन्ही भावांना शिकवलं, दोघंही नोकरीसाठी बाहेरगावी गेले. माझं लग्न राहून गेलं. आईही गेली. नंदनवन वस्तीत दोन खोल्या आणि मागं छोटं अंगण असलेलं घर घेतलं, त्यात मी एकटी.

सत्तेचाळिसावं लागलं आणि झोप गेली.

म्हणजे लागायची, पण दोन वाजता डोळे टक्क उघडायचे. छातीतून एक वाफ उठायची, मानेवर, कानशिलांवर चढायची. ब्लाउज ओलाचिंब. मग पाच मिनिटांनी थंडी वाजायची. डिसेंबरातही हेच. पाळी कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. कोणाला विचारणार? शाळेत या गोष्टी बोलत नसत.

शेजारी कमलाबाई राहायच्या, भिवापूरच्या, जीभही तिथल्या मिरचीसारखीच. मला थंडीत पहाटे अंगणात पदरानं वारा घेताना पाहून भिंतीवरून म्हणाल्या, "काहून वं बाई, लोकं गोधडीत शिरून राह्यले अन् तुमी हवा खाऊन राह्यल्या? अन् ते ताटी तं काढा आता! उन्हाळा जाऊन साल झालं!"

तेही खरंच होतं. मागच्या दाराला मी उन्हाळ्यात वाळ्याची ताटी लावायचे, कूलर असला तरी. दिवाळीआधी काढून माळ्यावर टाकायचे. त्या वर्षी अंगात जीवच नव्हता. ताटी तशीच टांगलेली राहिली, वाळून खडखडीत.

मग शाळेत ते झालं. डिसेंबरच्या चाचणी परीक्षेत सुपरव्हिजन करताना मी खुर्चीत झोपले. पाच मिनिटं असेल. जाग आली तेव्हा मुली हसत होत्या आणि दारात संस्थेचे सेक्रेटरी उभे होते. उन्हाळ्यात मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती, सीनियॉरिटीनं ती माझी. सेक्रेटरी नंतर गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तब्येत झेपत नसेल तर तसं लिहून द्या, आम्ही समजू शकतो." स्टाफरूममध्ये कोणीतरी कपाटाआड पुटपुटलं, "कोट्यातल्या माणसांचं असंच." वीस वर्षांत माझा एक लेटमार्क नाही.  घरी येऊन चप्पलही न काढता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तरुण होती, पण समजूतदार. म्हणाली, "पाळी जायच्या वेळेला होतं असं. तुम्हाला वेड लागलेलं नाही. गोळी मी लगेच देणार नाही. चारनंतर चहा बंद. रविवारची दुपारची झोपही बंद. झोप लागो न लागो, उठायची वेळ एकच ठेवा. गोधडीऐवजी दोन पातळ चादरी घ्या, एक फेकता येते. आणि जाग आली तर पलंगावर तळमळत राहू नका, उठून बसा, डोळे जड झाले की मगच आडवं व्हा." मग सहज विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

सगळं नेमानं केलं. थोडा फरक पडला. झोपेचे तुकडे मोठे झाले, पण तुकडेच.

जानेवारीतली रात्र. नेहमीसारखी जाग आली. सांगितल्याप्रमाणे उठून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. मागून आवाज आला. सप्प... सप्प... सप्प. मग शांत. पुन्हा तीनदा. वाटलं, कमलाबाई अंगण धूत असतील, त्यांचा काही नेम नाही. ऐकता ऐकता डोळे मिटायला लागले. जाऊन पडले, आणि एकदम दूधवाल्याच्या घंटीनं जाग आली. सहा वाजले होते. किती महिन्यांनी!

मागचं दार उघडलं तर घरात वाळ्याचा वास. ताटी ओली. पाणी ठिबकत होतं. वरची वीतभर कोरडी.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

पण मी शिकलेली बाई. दव असेल, म्हटलं. दव वरून पडतं, खालून चढत नाही. कमलाबाईंना विचारलं. "मी काहाले तुमच्या ताटीले पानी मारू? मले माह्याच घरचं काम कमी आहे का?" पुढच्या दोन रात्रीही तेच झालं. चौथ्या रात्री बंदोबस्त केला. अंगणाच्या फाटकाला कुलूप. भिंतीवर काचा होत्याच. घरातल्या आणि अंगणातल्या सगळ्या बादल्या पालथ्या, नळाला पहाटे पाचशिवाय पाणी नाही. शाळेतून आणलेले खडूचे तुकडे कुटून भुकटी अंगणभर पसरली.

दोन वाजता जाग आली. सप्प, सप्प, सप्प. दार उघडायचं ठरवलं होतं. कडीला हात लावला आणि... उघडलं नाही. भीती वाटली असं नाही. उघडलं तर थांबेल, असं वाटलं. परत येऊन पडले आणि झोपले.

सकाळी कुलूप जागेवर, बादल्या पालथ्या, भुकटीवर एक पाऊल नाही. ताटी खालून वर ओली, वरची वीतभर कोरडी.

त्या दिवशी शाळेत जाताना रिक्षात एक गोष्ट आठवली. मी बी.ए.च्या वर्षाला होते. जानेवारीत आई अर्ध्या रात्री मोरीत अंगावर तांब्यानं पाणी घेत होती. मी रागावले होते, "थंडीत हे काय? न्यूमोनिया होईल, कळतं का काही?" ती म्हणाली, "आग होते वं अंगाची." आणि ओल्या लुगड्यानं कोपऱ्यात बसून राहिली. तिचं वय तेव्हा पंचेचाळीस-सत्तेचाळीस. दिवसा तीन घरची कामं. मी पुस्तक घेऊन बसले होते, शिकत होते, आणि मला कळलं नाही. तिच्यासाठी कोणी ताटी ओली केली नाही.

होळीपर्यंत ते चाललं. रोज नाही, पण ज्या रात्री वाफ उठे त्या रात्री हमखास. मी कोणाला सांगितलं नाही. भावाला पत्रात लिहायला घेतलं आणि फाडलं.

मग एका संध्याकाळी मी स्टूल घेतलं, त्यावर चढले आणि ताटीची वरची वीतभर माझ्या हातानं भिजवली. नीट, कोपऱ्यांपर्यंत. म्हटलं, आता कोणी बोलायला नको. खाली उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "झालं वं आई. जाय आता, तूबी झोप." रिकाम्या अंगणात माझाच आवाज मला परका वाटला.

त्या रात्री आवाज आला नाही. नंतर कधीच आला नाही. मी मात्र झोपले.

डॉक्टरणीच्या उपायांनी झोप आली असेल, मी नाकारत नाही. आजही माझ्याकडं झोपेची तक्रार घेऊन कोणी आलं तर चारनंतर चहा बंद करा हेच आधी सांगते. पण बंद अंगणात, पालथ्या बादल्यांत ती ताटी कशानं भिजत होती, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. देव मी आजही मानत नाही. भूतही नाही. त्या ताटीचं काय करायचं, ते ठरत नाही, म्हणून ती तशीच माळ्यावर आहे.

सेक्रेटरींना मी काहीच लिहून दिलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी मुख्याध्यापिका होते आणि घंटेच्या आधी दारात उभी होते. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. आणि रात्रभर झोपलेली पहिली बाईही मीच.