बोगद्यातल्या अक्काचे डोळे

हुमनाबादहून बसवराजचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुण्याहून हैदराबादची बस धरली. बसवराज माझ्या माहेरचा शेजारी. हुमनाबादजवळच्या विज्ञान उद्यानातली 'पृथ्वीची गोष्ट' नव्यानं उभी करायचं काम त्यानं घेतलंय. छोट्या गाडीत बसून अंधाऱ्या बोगद्यातून जायचं, ज्वालामुखी, डायनोसोर, गुहेतली माणसं बघायची आणि शेवटी जगातली पहिली शेतकरीण भेटते. त्या शेतकरणीचा चेहरा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, साचा घेऊन केलेला. त्यानंतर अक्का फार जगली नाही.

"ताई, चेहरा काढून नवा बसवायलोय. बघायचा असंल तर या," बसवराज म्हणाला होता.

रस्ता उत्तम आहे. उमरगा मागं पडलं की तुरीची शेतं आणि कन्नड पाट्या सुरू होतात. हुमनाबादला लॉऱ्यांच्या गर्दीतल्या ढाब्यावर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी जरूर खा. "एकच? अजून एक घ्या की अक्का, गाडी कुठं पळून जायलीय?" असं म्हणत वाढतात. उद्यानासाठी रिक्षा करावी लागते. परतीचंही तेव्हाच ठरवा, तिकडे दुसरं वाहन मिळत नाही.

भर दुपारी बोगद्यात शिरले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत आमच्या मिशनच्या शाळेतल्या चॅपलसारखा ओला गारवा. कातडं काढलेल्या डायनोसोरचा लोखंडी जबडा सावकाश उघडत-मिटत होता. चाचणीची रिकामी गाडी शेजारून गेली, वळणावर क्षणभर थांबली, कुणी उतरावं तशी, आणि पुढं गेली.

अक्का तिथंच उभी होती. हनुवटीवरची खळी, किंचित उघडे ओठ, सगळं तिचंच. डोळ्यांच्या जागी मात्र रंग खरवडून पांढरं केलेलं.

"हिचे डोळे कसे होते कुणालाच ठाऊक न्हाई," गणपती रंगवणाऱ्या शांताक्का म्हणाल्या. "फोटो हाय का?"

घरी एकच फोटो आहे आणि त्यात अक्कानं नेमके डोळे मिटलेत.

"म्हणून तर नवा चेहरा मागवलाय," बसवराज म्हणाला. "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठेवतो. न्हाईतर भंगारात."

मग मीच सांगत गेले. तपकिरी. डावा जरा लहान. हसायच्या आधी कडेला बारीक आवळायचे. शांताक्का ऐकत होत्या, माझ्याकडं बघत होत्या आणि ब्रश चालवत होत्या. डोळ्यांची आखणी त्या शेवटी करतात आणि मूर्तीसमोर आरसा धरवतात. उघडल्या डोळ्यांची पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही.

"ही काय देवी हाय का, शांताक्का?" बसवराज हसला.

"डोळे तर उघडायलेत न्हवं? गप बस."

आरसा मी धरला होता. "झालं" ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी तो खाली घेतला.

"अवो, कामून खाली केलाव!" शांताक्का ओरडल्या.

अक्काच्या कोवळ्या चेहऱ्यातून माझेच डोळे माझ्याकडं बघत होते. थकलेले, खालची कातडी सैल झालेले.

"तुमचेच बघून काढले," शांताक्का हळू आवाजात म्हणाल्या. "भैनीच न्हाई का तुम्ही?"

चेहरा राहिला. बसवराज शब्दाला जागला. गोष्ट पुन्हा सुरू झाली आहे. मुलांना घेऊन जाणार असाल तर मागच्या डब्यात बसवा, तिथून जास्त दिसतं. परवा फोनवर तो म्हणाला, "पोरं डायनोसोरला भीत न्हाईत, ताई. म्हणायलेत, ती बाई वळून बघायलीय."

पुण्यात आल्यापासून दुपारी पडले की अक्काला आठवू बघते. खळी येते, ओठ येतात. तिचे डोळे त्या बोगद्यात मी एवढे नीट सांगितले, तेव्हापासून ते मला दिसत नाहीत. तिच्या चेहऱ्यातून मीच बघत असते.